वऱ्हाडात जेट घ्यायचं तर

१६ एप्रिल २०२५ रोजी अलायन्स एअरचं एटीआर ७२ विमान मुंबईहून येऊन अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर उतरलं आणि वऱ्हाडाची कित्येक वर्षांची मागणी पूर्ण झाली. १,३७२ मीटरची जुनी धावपट्टी आता १,८५० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद झाली आहे. सुरुवातीला आठवड्यातून तीनच दिवस विमान, पण त्या तीन दिवसांनी एक जुनी समजूत मोडली. वऱ्हाडातल्या माणसाला विमान पकडायचं तर आधी नागपूर गाठावंच लागतं, ही ती समजूत.

धावपट्टी झाली की तिच्या मागून दुसरा प्रश्न येतोच. कंपनीचं विमान हवं तेव्हा बेलोऱ्याहून उडेल का? नांदगावपेठच्या औद्योगिक वसाहतीत कापड उद्योग रुजला आहे. तिथल्याच पीएम मित्र टेक्स्टाइल पार्कची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झाली. अकोल्याच्या डाळमिल, तेलगिरण्या आणि जिनिंगचा व्यवहार देशभर पसरलेला आहे. या धंद्यातल्या माणसाचा एक दिवस मुंबईत, दुसरा दिल्लीत आणि तिसरा हैदराबादेत जातो. रात्रीच्या गाडीनं मुंबईला जायचं म्हणजे अकरा-बारा तास. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, तरी मोटारीनं सात-आठ तास लागतातच. बेलोरा ते मुंबई हवाई अंतर मात्र साधारण साडेपाचशे किलोमीटर आहे. छोटं जेट ते तासाभरात कापतं. त्यामुळे हा प्रश्न मला श्रीमंती चोचला वाटत नाही. तो गंभीरपणे मांडावा आणि त्याचं गणित नीट करावं, एवढ्यासाठी हा लेख.

नवं हलकं जेट घ्यायचं तर एम्ब्रेयर फेनॉम ३०० च्या वर्गातलं विमान शंभर लाख डॉलरच्या पुढे जातं. म्हणून बहुतेक खरेदीदार वापरलेल्या विमानांकडे वळतात. या बाजाराचं मूळ अमेरिकेत आहे. कॅन्सस राज्यातल्या विचिटा या एका शहरानं सेसना, बीचक्राफ्ट आणि लिअरजेट हे तिन्ही कारखाने पोसले. तिथला मालक काही वर्षांनी मोठं विमान घेतो आणि जुनं विकायला काढतो. सेसनाचं सायटेशन मस्टँग हे त्यातलं सर्वांत लहान जेट. २००६ ते २०१७ या काळात अशी ४७९ विमानं बनली. चार प्रवासी, दोन वैमानिक. आज बऱ्या स्थितीतलं मस्टँग साधारण वीस लाख डॉलरला, म्हणजे सतरा-अठरा कोटी रुपयांना मिळू शकतं. आकडा ऐकला की अनेकांना वाटतं, एवढंच ना? मग जमेल. खरेदीची गाडी घसरते ती इथंच, कारण किंमत हा या व्यवहारातला सर्वांत सोपा आकडा आहे.

ऊन आणि मीटर

विमानाच्या माहितीपत्रकात उड्डाणाला आणि उतरायला किती धावपट्टी लागते ते छापलेलं असतं. मस्टँगसाठी ते आकडे ३,११० फूट, म्हणजे सुमारे ९५० मीटर, आणि २,३८० फूट, म्हणजे सुमारे ७२५ मीटर असे आहेत. पण हे आकडे समुद्रसपाटीचे, १५ अंश तापमानाचे आणि कोरड्या धावपट्टीचे आहेत. वऱ्हाडात १५ अंश तापमान थंडीतल्या पहाटेच मिळायचं.

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे जातो. हवा तापली की विरळ होते. पंखाला उचल कमी मिळते, इंजिनात जाणाऱ्या हवेचं वजन घटतं आणि जमीन सोडण्याआधीची धाव लांबते. वैमानिक याचा हिशेब एका साध्या आडाख्यानं करतात. अकोला समुद्रसपाटीपासून साधारण हजार फुटांवर. तिथं प्रमाण तापमान १३ अंश धरतात. त्यावरच्या प्रत्येक अंशाला सुमारे १२० फूट उंची वाढल्याचं मानायचं. ४५ अंशांवर ३२ अंश जास्त, म्हणजे ३,८४० फूट. त्यात मूळचे हजार मिळवले की ४,८०० च्या वर आकडा जातो. चिखलदरा सुमारे ३,७०० फुटांवर आहे. म्हणजे मेच्या दुपारी अकोल्याच्या शिवणी विमानतळाच्या धावपट्टीवर उभं असलेलं विमान चिखलदऱ्यापेक्षाही हजार फूट उंच जागी उभं असल्यासारखं वागतं. माहितीपत्रकातला आकडा तिथं कामाचा नाही. विमानाच्या हस्तपुस्तिकेतले उष्ण हवेचे तक्ते उघडूनच बोलावं लागतं.

उतरण्याचा नियम याहून कडक आहे. भाड्यानं प्रवासी नेणाऱ्या जेटला उपलब्ध धावपट्टीच्या ६० टक्क्यांत थांबता आलं पाहिजे, असा हिशेब धरतात. धावपट्टी ओली असेल तर लागणाऱ्या लांबीत आणखी १५ टक्क्यांची भर. बेलोऱ्याच्या १,८५० मीटरचे ६० टक्के म्हणजे १,११० मीटर. हलक्या जेटला तेवढ्यात वाव आहे. अकोल्याचा शिवणी विमानतळ १९४३ सालचा, महायुद्धाच्या दिवसांतला. त्याची धावपट्टी १,४०० मीटरच्या आसपास. तिचे ६० टक्के ८४० मीटर होतात. पावसाळ्याची भर घातली तर उरतात जेमतेम ७३० मीटर. मस्टँगचा थंड हवेतला, कोरड्या धावपट्टीवरचा आकडाच ७२५ आहे. उरलेल्या पाच मीटरवर कुणी चार माणसांचा जीव सोपवू नये.

ओल्या धावपट्टीची भीती पुस्तकी नाही. १४ सप्टेंबर २०२३ रोजी विशाखापट्टणमहून आलेलं लिअरजेट ४५ मुसळधार पावसात मुंबईला उतरताना धावपट्टीवरून घसरलं आणि त्याचे दोन तुकडे झाले. आत आठ माणसं होती. आठही वाचली. ही घटना देशातल्या सर्वांत मोठ्या विमानतळांपैकी एकावर घडली. तिथं धावपट्टी लांब होती आणि अग्निशमन दल जवळ उभं होतं.

म्हणून अकोल्याच्या उद्योजकानं विमान घ्यायचं ठरवलं तर ते ठेवायचं बेलोऱ्यालाच. शिवणीची धावपट्टी वाढवण्याचा विषय डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या जमिनीशी अडकून वर्षानुवर्षं रेंगाळला आहे. अकोल्यानं या बाबतीत फार सोसलं, असं माझं स्पष्ट मत आहे. रस्त्यानं अमरावती शंभर किलोमीटरच्या आतच आहे हे खरं, पण स्वतःचा विमानतळ असलेल्या शहरानं शेजारच्या जिल्ह्यात जाऊन विमानात बसावं यात कुणाचाच फायदा नाही.

लॉगबुक

वापरलेलं विमान घेताना आपण खरं तर त्याचे कागद विकत घेत असतो. रंग नवा असतो, आसनांचं कातडं नवं असतं, पडदेसुद्धा बदललेले असतात. विमान काय सोसून आलं आहे, ते मात्र लॉगबुकात असतं.

महाराष्ट्रातच घडलेली एक घटना इथं सांगायला हवी. उत्तर प्रदेश सरकारच्या मालकीचं व्हीटी-यूपीझेड हे बीचक्राफ्ट किंग एअर सी-९० विमान अलाहाबादेत अपघातग्रस्त झालं होतं. त्यानंतर राज्य सरकारनं ते विकलं आणि २०१४ मध्ये मुंबईच्या एका खासगी कंपनीनं घेतलं. दुरुस्ती झाली. २८ जून २०१८ रोजी जुहूहून ते चाचणी उड्डाणासाठी निघालं आणि दुपारी घाटकोपरच्या जागृतीनगरमध्ये बांधकाम चालू असलेल्या इमारतीपाशी कोसळलं. आतले चारही जण, म्हणजे दोन वैमानिक आणि देखभालीचे दोन कर्मचारी, मरण पावले. रस्त्यानं चाललेला एक पादचारीही गेला. ते विमान जेट नव्हतं, पंखेवालं टर्बोप्रॉप होतं. पण एकदा अपघात झालेलं आणि दीर्घकाळ दुरुस्तीत राहिलेलं विमान पुन्हा आकाशात नेणं हे किती जोखमीचं काम आहे, ते या घटनेनंतर कुणाला समजावून सांगावं लागू नये. चाचणी उड्डाण करणाऱ्यांचं ते रोजचं काम होतं. त्या पाच जणांना विसरून जुन्या विमानाबद्दल लिहिणं मला जमणार नाही.

तेव्हा कागदात काय पाहायचं? पहिलं, अपघाताचा किंवा मोठ्या दुरुस्तीचा इतिहास. दुसरं, सलगपणा. जन्मापासून आजवरच्या नोंदींत एखादं वर्ष गायब असेल तर त्या वर्षात काय झालं ते कुणालाच ठाऊक नसतं. टर्बाइनच्या चकत्यांसारख्या भागांना फेऱ्यांची ठरावीक मर्यादा असते. त्या भागाचा जन्मापासूनचा कागद नसेल, तर भाग चांगला दिसत असूनही भंगारात जातो आणि नवा घ्यावा लागतो. तिसरं, विमान कुठं राहिलं. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं उभं असलेल्या विमानाला गंज लागतो. ॲरिझोनाच्या कोरड्या वाळवंटात राहिलेल्या विमानाला जाणकार अधिक किंमत देतात. आणि चौथं, किती उडालं. कमी तास उडालेलं विमान म्हणजे चांगलं, असं खरेदीदाराला वाटतं. पण वर्षभर न उडता उभं राहिलेल्या विमानाची सिलं सुकतात आणि इंधनाच्या टाकीत बुरशी धरते. नेमानं उडालेलं, नेमानं तपासलेलं विमान जास्त भरवशाचं.

अकोटच्या बाजारात कापसाच्या गाडीवरचा थर पाहून जाणता व्यापारी भाव करत नाही. तो कोपरापर्यंत हात आत घालून ओल पाहतो. विमानाच्या इंजिनात तेच काम बोरस्कोप करतो. बारीक नळीच्या टोकाला कॅमेरा असतो, तो आत सोडून टर्बाइनची पाती एकेक करून पाहतात. कुठं जळालं, कुठं चीर गेली, कुठं पक्षी लागून टोक वाकलं, ते पडद्यावर दिसतं. खरेदीपूर्व तपासणीचा हा गाभा. ती विक्रेत्याच्या नेहमीच्या कारखान्यात करायची नसते. वेगळ्या, त्या विमानाचं काम जाणणाऱ्या कारखान्यात करायची असते, आणि तिचा खर्च खरेदीदारानं सोसायचा असतो. तपासणीत मोठा दोष निघाला आणि व्यवहार मोडला, तर तो पैसा वाया गेला असं समजू नये.

इंजिनाबद्दल आणखी एक गोष्ट. मस्टँगच्या प्रॅट अँड व्हिटनी पीडब्ल्यू६१५एफ इंजिनाचं ओव्हरहॉल ३,५०० तासांनी येतं आणि निम्म्या वाटेवर, १,७५० तासांना, आतल्या गरम भागाची तपासणी करावी लागते. दोन इंजिनांच्या ओव्हरहॉलचा खर्च विमानाच्या किमतीच्या मानानं फार मोठा असतो. म्हणून बरेच मालक इंजिन कंपनीच्या तासाच्या योजनेत पैसे भरत राहतात. दर उड्डाण-तासाला ठरलेली रक्कम भरायची, ओव्हरहॉल आलं की कंपनी करून देते. योजनेतलं विमान महाग मिळतं आणि योजनेबाहेरचं स्वस्त. स्वस्त मिळालेल्या विमानाची उरलेली किंमत मग इंजिनाच्या कारखान्यात द्यावी लागते. विकत घेताना योजनेचे हप्ते पूर्ण भरलेले आहेत का आणि ती नव्या मालकाच्या नावावर होते का, हे लेखी घ्यावं.

सौदा

व्यवहाराची रीत ठरलेली आहे. आधी इरादापत्र आणि परत मिळणारी अनामत. ही रक्कम विक्रेत्याच्या हाती द्यायची नाही, तटस्थ एस्क्रो संस्थेकडे ठेवायची. अमेरिकी विमानांची नोंदणी ओक्लाहोमा सिटीत असते. तिथं शोध घेऊन विमानावर कुणाचं कर्ज किंवा दावा नाही ना, ते पाहायचं. मग तपासणी, मग दोष कुणी दुरुस्त करायचे यावरची घासाघीस आणि मग खरेदीखत.

पण या सगळ्याच्या आधी दिल्ली. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची, आयातीला मंजुरी हवी. किती जुनं विमान देशात आणता येईल यावर नियमांचं बंधन आहे आणि ते वेळोवेळी बदलतं. आज कोणता नियम लागू आहे ते पाहिल्याशिवाय विमान पसंत करणं म्हणजे पाण्यात पैसा टाकणं. अमेरिकेतून निर्यातीसाठीचं उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र, तिथली नोंदणी रद्द झाल्याचा कागद, इथलं व्हीटी अक्षरांनी सुरू होणारं नोंदणीपत्र, मग भारतीय उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र असा क्रम. भारताच्या गगन या उपग्रह प्रणालीला जुळणारं उपकरण विमानात आहे का, हेही विचारावं. जुन्या विमानात ते नंतर बसवणं खर्चाचं आहे. कर्ज काढून विमान घेणाऱ्यांसाठी २०२५ मध्ये एक चांगली गोष्ट झाली. विमानांवरील हितसंबंधांचं संरक्षण करणारा कायदा संसदेनं त्या एप्रिलमध्ये मंजूर केला. त्यामुळे कर्जदात्याचा हक्क स्पष्ट झाला आहे.

विमान आणणं हाही एक प्रवास. मस्टँगची झेप सुमारे २,१०० किलोमीटरची. अटलांटिक ते एका दमात ओलांडू शकत नाही. कॅनडा, ग्रीनलंड, आइसलंड, युरोप, आखात असे मुक्काम करत ते भारतात येतं.

चाळीस टक्के

कराचा आकडा मात्र थांबून वाचावा असा आहे. वैयक्तिक वापराच्या विमानावर वस्तू आणि सेवा कर २८ टक्के होता आणि त्यावर उपकर. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला आहे. मूळ सीमाशुल्क वेगळं. प्रवासी वाहतुकीच्या परवान्याखाली आणलेल्या विमानाला मात्र ५ टक्के. साडेसतरा कोटींच्या विमानावर एका बाजूला सात कोटी, दुसऱ्या बाजूला नव्वद लाखांहून कमी.

हा फरक पाहून पुष्कळांनी पूर्वी एक वाट काढली. चार्टरचा परवाना घ्यायचा आणि विमान घरच्याच माणसांसाठी वापरायचं. सीमाशुल्क खात्यानं नोटिसा काढल्या, प्रकरणं न्यायाधिकरणापर्यंत गेली, वर्षं गेली. वऱ्हाडातल्या खरेदीदाराला माझं सांगणं आहे की ही वाट धरू नये. चार्टरचा परवाना घ्यायचा तर चार्टर खरोखर चालवावं. त्याला जबाबदार व्यवस्थापक, सुरक्षा व्यवस्था, प्रशिक्षित वैमानिक आणि देखभालीची मान्यताप्राप्त सोय लागते. ते स्वतः उभं करणं जड असेल, तर परवाना असलेल्या कंपनीकडे विमान चालवायला देता येतं.

तास

आता शेवटचा आणि खरा हिशेब. बेलोऱ्याहून दर आठवड्याला मुंबईची एक फेरी केली, तरी वर्षाचे सव्वाशे तासही भरत नाहीत. मस्टँग तासाला साडेतीनशे लिटरच्या आसपास इंधन पितं, पण इंधन हा खर्चाचा मोठा भाग नव्हेच. विमान उडो वा न उडो, वैमानिकांचे पगार, विमा, हँगर, वर्षाच्या तपासण्या, नकाशे आणि माहितीच्या वर्गण्या चालूच राहतात. कारखान्यानं मस्टँग एका वैमानिकासाठी प्रमाणित केलं असलं, तरी शहाणा मालक दोन ठेवतो. त्यांना त्या विमानाचं टाइप रेटिंग लागतं आणि सिम्युलेटरच्या सरावासाठी बहुतेक वेळा परदेशी पाठवावं लागतं. वैमानिकांना अमरावतीत मुक्कामाला आणणं आणि टिकवणं, हे विमान आणण्यापेक्षा कठीण आहे.

दुसऱ्या टोकाला मुंबई. तिथं धावपट्टीवर इतकी गर्दी असते की फेब्रुवारी २०२४ पासून व्यावसायिक छोट्या विमानांना बंद ठेवलेले तास रोज चारवरून आठ झाले. पार्किंगची जागा मिळणं आणखी अवघड. माणसाला सोडून विमान रिकामं परत आणायचं आणि संध्याकाळी पुन्हा रिकामं न्यायचं, असं झालं की तास दुप्पट आणि उपयोग तेवढाच. नवी मुंबईचा विमानतळ सुरळीत चालू लागला की हा ताण हलका होईल, अशी आशा आहे.

वऱ्हाडाच्या बाजूनं मात्र काही गोष्टी जमून येत आहेत. नागपूरच्या मिहानमध्ये विमानांच्या देखभालीचे कारखाने आहेत, बेलोऱ्यापासून दीडशे किलोमीटरच्या आसपास. १८ जून २०२५ रोजी दसॉ आणि रिलायन्स यांनी नागपुरात फाल्कन २००० ही व्यावसायिक जेट बनवण्याची घोषणा केली. फ्रान्सबाहेर पूर्ण फाल्कन प्रथमच बनणार आहे आणि पहिलं २०२८ पर्यंत उडवण्याचा बेत आहे. ते हलकं जेट नव्हे, पण त्याच्या भोवती तयार होणारे तंत्रज्ञ वऱ्हाडालाही उपयोगी पडतील. खुद्द बेलोऱ्यात एअर इंडियाची वैमानिक प्रशिक्षण संस्था उभी राहते आहे. तिथं ३४ विमानं येणार आणि वर्षाला १८० वैमानिक घडणार. निवडलेली पायपर आर्चर डीएक्स आणि डायमंड डीए४२ ही विमानं पेट्रोलवर चालत नाहीत. ती जेटचंच इंधन वापरतात. म्हणजे बेलोऱ्यात जेट इंधनाला रोजचं गिऱ्हाईक मिळणार. असं रोजचं गिऱ्हाईक नसल्यामुळेच लहान विमानतळावर इंधनाची सोय टिकत नसते. मला ही बातमी उद्घाटनाइतकीच मोठी वाटते.

एवढं सगळं मांडल्यावर माझं मत असं. वर्षाला दोनशे तासांपेक्षा कमी उडणाऱ्या एकट्या मालकानं जेट घेऊ नये. लागेल तेव्हा चार्टर करावं. ते स्वस्त पडेल आणि रात्रीची झोप लागेल. अमरावती-अकोल्यातले तीन-चार उद्योग एकत्र आले, त्यांनी परवाना असलेल्या कंपनीकडून एक विमान बेलोऱ्यात ठेवून घेतलं आणि त्यात स्ट्रेचर बसवायची सोय केली, तर मात्र तो खर्च योग्य आहे. गंभीर रुग्णाला वेळेत मुंबईला पोहोचवणं ही वऱ्हाडाची गरज कोणत्याही बैठकीपेक्षा मोठी आहे. त्यासाठी विमानाइतकीच विमानतळाची वेळ महत्त्वाची. रात्री उतरायची, पावसात उपकरणांच्या मदतीनं उतरायची सोय असेल तरच अशा विमानाचा पूर्ण उपयोग होईल. लोकप्रतिनिधींनी नव्या मार्गांच्या मागणीबरोबर ही मागणीही लावून धरावी, आणि शिवणीच्या जमिनीचा निकाल या वर्षी लावावा.

आणि जो कुणी खरोखर विमान पाहायला निघेल, त्यानं दलालाला फोन करण्याआधी त्या प्रकारच्या विमानावर काम केलेला परवानाधारक इंजिनिअर पगार देऊन स्वतःच्या बाजूनं घ्यावा. लॉगबुक वाचून त्यानं नाही म्हटलं, तर ते विमान कितीही आवडलेलं असो, घेऊ नये.